मुलींच्या निवासी संस्थेत काहीतरी वावगं चाललंय असं वाटतंय. तक्रार नेमकी कुठे करायची?

रानजाई
१४ जून, रात्री ९.५०

आमच्या जिल्ह्यातल्या एका शासकीय संस्थेत मी दर शनिवारी जाते. बौद्धिक दिव्यांग मुलींची निवासी संस्था आहे, बोर्डावर अजून ‘मतिमंद मुलींचे बालगृह’ असंच लिहिलेलं आहे. नाव बालगृह असलं तरी अठरा ओलांडलेल्या मुलीच जास्त, कारण त्यांना जायला दुसरी जागाच नाही. मी त्यांच्याकडून वाती, राख्या, कागदी पिशव्या असं काहीबाही करून घेते. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कृपया कोणी विचारू नये.

काही आठवड्यांपासून तिथून घरी आलं की मला झोप लागत नाही. एक मुलगी आहे, चोविसेक वर्षांची. बोलत नाही. पण मी दिसले की दारापाशी येऊन माझ्या हातातली पिशवी काढून घ्यायची आणि रंगीत कागद सगळ्यांना स्वतः वाटायची, मला हात लावू द्यायची नाही. हल्ली जागची उठत नाही. एक ठरावीक काळजीवाहक बाई खोलीत आली की ही दोन्ही हात डोक्यावर धरून खाली वाकते. बाई काही बोललेली नसते, नुसती आत आलेली असते. परवा तिची बाही वर सरकली तेव्हा दंडाच्या आतल्या बाजूला चार डाग दिसले, ओळीने, काही निळे, काही पिवळे पडलेले. तिच्या शेजारच्या कॉटवर झोपणारी सतरा वर्षांची आहे, तिच्याही दंडावर तसेच. विचारलं तर उत्तर मिळालं, “फिट येते ना, पडतात.” दोघी एकाच आठवड्यात आणि एकाच जागी लागेल अशा पडल्या?

मध्यंतरी सगळ्यांची डोकी भादरली, उवा झाल्या म्हणून. दुपारी तीनच्या सुमाराला निम्म्या मुली पेंगत असतात. पूर्वी असं नव्हतं.

माझ्याबरोबर येणारी मैत्रीण म्हणते, तू बोललीस तर आपलं येणं बंद करतील, आणि मग त्या मुलींकडे बघणारं बाहेरचं कोणीच उरणार नाही. तिचं म्हणणं मला खोडता येत नाही. मी मारताना पाहिलेलं नाही. नुसत्या संशयावर तक्रार करता येते का? कोणाकडे? आणि केली तरी मुली तिथेच राहणार, त्याच बाईच्या हाताखाली. त्याचं काय करायचं?

दत्ता_सांगली
१४ जून, रात्री १०.२५

मोबाइलवर शूटिंग करा आणि सरळ फेसबुकवर टाका. बोंबाबोंब झाल्याशिवाय सरकारी यंत्रणा हलत नाही हा आजवरचा अनुभव आहे. अर्ज-बिर्ज करत बसाल तर तोवर त्या पोरींचं काय होईल?

उलटतपासणी
१४ जून, रात्री ११.४०

दत्ता, तुमची तळमळ कळते, पण हे कोणीही करू नका. त्या मुली कॅमेऱ्याला संमती देऊ शकत नाहीत. उद्या यात लैंगिक अत्याचार निघाला तर चेहरा किंवा ओळख पटेल असं काहीही जाहीर करणं हाच गुन्हा ठरतो. लहान मुलांबाबत पॉक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याचं) कलम २३ आहे, मोठ्यांबाबत भारतीय न्याय संहितेचं कलम ७२. शिवाय व्हिडिओ फिरायला लागला की संस्थेला पहिल्या तासात कळतं. पोलिस पोचेपर्यंत नोंदवह्या नव्याने लिहून झालेल्या असतात.

रानजाई, मी जिल्हा न्यायालयात वकिली करते, अशी काही प्रकरणं हाताळली आहेत. तुम्ही विचारलंत म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

संशय पुरतो. सिद्ध करणं तुमचं काम नाही. पण त्या दोघींच्या वयामुळे दोन वेगळे रस्ते होतात आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते.

सतरा वर्षांची मुलगी कायद्याने बालक. तिला संस्थेतल्या कर्मचाऱ्याने मारहाण केली, उपाशी ठेवलं, छळलं, तर बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ लागतं, आणि आरोपी बालकांच्या संस्थेत नोकरीला असेल तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. तिच्याबाबत लैंगिक अत्याचाराची नुसती शंका जरी असली तरी पॉक्सोच्या कलम १९ खाली कळवणं बंधनकारक आहे, तुमच्यावरसुद्धा. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचं कृत्य दडवलं तर वर्षापर्यंत. सद्भावनेने कळवणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही, ते त्याच कलमात आहे. १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन करा आणि जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला लेखी द्या.

चोवीस वर्षांच्या मुलीला पॉक्सो लागत नाही. तिची समज पाच वर्षांच्या मुलीएवढी असली तरीही नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. एका प्रौढ स्त्रीचं बौद्धिक वय बालकाचं आहे, म्हणून तिला पॉक्सोचं संरक्षण द्यावं अशी मागणी होती. न्यायालयाने सांगितलं की कायद्यातलं वय म्हणजे जन्माचं वय. त्यामुळे १०९८ वाले तिच्याबाबत फार काही करू शकणार नाहीत, आणि तिकडून ‘आमच्या कक्षेत येत नाही’ ऐकलं की लोक हात टेकतात.

तिच्यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चं कलम ७ आहे. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार झाला आहे, होतो आहे किंवा होण्याची शक्यता आहे असं मानायला कारण असेल तर कोणीही त्या हद्दीतल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवू शकतं. म्हणजे तुमचे तहसीलदार किंवा प्रांत. ‘होण्याची शक्यता’ हे शब्द कायद्यातलेच आहेत. माहिती मिळाल्यावर अत्याचार थांबवण्यासाठी लगेच पावलं उचलणं हे दंडाधिकाऱ्याचं कर्तव्य आहे, आणि मुलीला तिथून सोडवून सुरक्षित जागी ठेवण्याचा आदेशही तो देऊ शकतो. तुमचा शेवटचा प्रश्न होता ना, त्या तिथेच राहणार त्याचं काय? त्याचं उत्तर या कलमात आहे, म्हणून मी पोलिसांइतकाच भर यावर देते.

एक विनंती. त्या मुलींना खोदून खोदून विचारू नका. आपल्या प्रश्नातूनच उत्तर पुरवलं जातं, आणि पुढे बचाव पक्ष म्हणतो की पढवून आणलं. आपणहून काही सांगितलं, खूण केली, तर तेवढंच, तसंच टिपून ठेवा.

निवृत्त_सिस्टर
१५ जून, सकाळी ७.१०

मी अशाच संस्थांमधून नोकरी करून निवृत्त झाले. रात्रभर हा धागा वाचत होते.

रानजाई, दंडाच्या आतल्या बाजूला ओळीने डाग म्हणजे बोटं रुतलेली असतात. फिट येऊन पडणाऱ्याला कपाळ, हनुवटी, कोपर, गुडघा, नडगी असं हाडावर लागतं. फिटमध्ये जीभ चावली जाते. दंडाच्या आत, कानामागे, पाठीवर, मांडीच्या मागे पडून सहसा लागत नाही. पण हेही सांगते की काही मुली स्वतःच्या हाताला चावतात, डोकं भिंतीवर आपटतात, आणि फिटची काही औषधं वर्षानुवर्षं घेतल्याने हाडं ठिसूळ होतात, साध्या पडण्यानेही मोडतात. म्हणून डॉक्टरने बघायला हवं. संस्थेत ठरलेले येतात ते नकोत, बाहेरचे हवेत.

आत कसं चालतं ते लोकांना माहीत नसतं. रात्रपाळीला चाळीस-पन्नास मुलींमागे एक काळजीवाहक. तीही कंत्राटी, तीन-तीन महिने पगार नाही. एकीने अंथरुणात शी केली, दुसरीला फिट आली, तिसरी दार वाजवतेय. तिथे चांगली बाईसुद्धा हात उगारते. मी हे समर्थन म्हणून लिहीत नाही. पण एका बाईला काढून टाकलं की प्रकरण मिटवायचं, आणि तिच्या जागी आणलेल्या दुसरीला तेच चाळीस जणींचं ओझं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

दुपारची गुंगी मात्र गंभीर आहे. मनुष्यबळ कमी असलं की झोपेच्या गोळीचा आधार घेतला जातो. औषध नोंदवही आणि डॉक्टरची चिठ्ठी शेजारी ठेवली की पाच मिनिटांत कळतं. वजनाची नोंदवही बघायला सांगा. महिन्याच्या पाळीची नोंद ठेवलेली असते, ती बघायला सांगा, विशेषतः ज्यांना बोलता येत नाही त्यांची. इजा नोंदवहीत त्या आठवड्यात दोघींची नावं आहेत का ते बघा. फिट आली म्हणतात तर फिटची वेळ, किती मिनिटं, कोणी पाहिली हे कुठेतरी लिहिलेलं असायलाच हवं. नसेल तर ‘फिट आली’ ही थाप.

तपासणी येणार हे आदल्या दिवशी कळतं. नव्या चादरी निघतात, जेवणात शिरा असतो, आणि ज्यांच्या अंगावर काही आहे त्यांना ‘दवाखान्यात नेलंय’. म्हणून पाहणीला येणाऱ्याने हजेरीपटावरचं एकूण एक नाव डोळ्यांनी बघितलं पाहिजे.

सह्याद्री_६८
१५ जून, दुपारी १२.३०

मी समाजकल्याण खात्यात होतो. इथे सगळे एकाच बाजूने बोलताहेत म्हणून लिहितो. शनिवारी दोन तास येणाऱ्या स्वयंसेवकांच्या तक्रारींमुळे चांगल्या अधीक्षकांना निलंबित झालेलं मी पाहिलं आहे. चौकशीत काही निघालं नाही, पण त्या बाईंनी पुन्हा कधी अशा संस्थेत पोस्टिंग मागितलं नाही. आधी अधीक्षकांशी बोलायला काय हरकत आहे? कदाचित त्यांना माहीतच नसेल. निम्मी पदं रिक्त, अनुदान सहा-सहा महिने उशिरा, यात त्या बिचाऱ्या काय काय बघणार?

निवृत्त_सिस्टर
१५ जून, दुपारी १.१५

सह्याद्री, रिक्त पदांचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. चादरी फाटक्या, भाजी पातळ, पंखे बंद, अशा गोष्टी आधी अधीक्षकांना सांगाव्यात, मग खात्याला लिहावं. अंगावर वळ असतील तर नाही. अधीक्षक चांगल्या असोत की नसोत, तुम्ही त्यांच्याशी बोललात की त्या काळजीवाहकाला बोलावून विचारणार, आणि रात्री तीच बाई पुन्हा त्या खोलीत असणार. मुलीला बोलता येत नाही. तिच्यावर काय राग निघेल ते सकाळी कोणाला कळणार?

उलटतपासणी
१५ जून, दुपारी २.०५

सिस्टरना पूर्ण अनुमोदन. सह्याद्री, खोट्या तक्रारीची भीती खरी आहे, म्हणूनच तक्रारीत जे दिसलं तेवढंच लिहायचं. चांगल्या अधीक्षकाला बाहेरची वैद्यकीय तपासणी वाचवतेच. फिटच होती असं निघालं तर तिच्या बाजूने त्याहून भक्कम कागद कोणता?

जुनं_कात्रण
१५ जून, सायं. ६.४५

‘आपल्याकडे असं काही होत नाही’ असं वाटणाऱ्यांसाठी थोडं मागचं.

ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या कवडास बालगृहातली मतिमंद मुलं कुपोषणाने दगावल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि त्या प्रकरणामुळे राज्यभरच्या अशा संस्थांकडे पहिल्यांदा नीट लक्ष गेलं. २०११ मध्ये पनवेलजवळच्या कळंबोलीचं प्रकरण बाहेर आलं. तिथल्या बालगृहात मतिमंद मुलींवर लैंगिक अत्याचार होत होते. २०१३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने संस्थाचालकाला आणि त्याच्या साथीदारांना दोषी ठरवलं.

पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते बिहारमधलं मुझफ्फरपूर. त्याचा धागा आपल्या मुंबईपर्यंत येतो. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘कोशिश’ गटाला बिहार सरकारने तिथल्या निवारागृहांचं सामाजिक लेखापरीक्षण करायला सांगितलं होतं. शंभराहून जास्त संस्था त्यांनी पाहिल्या आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. त्यात मुझफ्फरपूरच्या मुलींच्या गृहात लैंगिक अत्याचार होत असल्याची गंभीर नोंद होती. सरकारी पैशावर चालणारं गृह. त्यावरून गुन्हा दाखल झाला, तपास सीबीआयकडे गेला, खटला दिल्लीला साकेत न्यायालयात हलवला. जानेवारी २०२० मध्ये १९ जण दोषी ठरले आणि फेब्रुवारीत मुख्य आरोपीला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

आता यातली मुख्य गोष्ट. त्या गृहाच्या सरकारी तपासण्या होतच होत्या. अधिकारी येत होते, सह्या करत होते. कोशिशच्या लोकांनी मुलींबरोबर बसून त्यांचं ऐकून घेतलं, तेव्हा मुली बोलल्या. आणि दोषी ठरलेल्यांमध्ये जिल्ह्याचा बाल संरक्षण अधिकारी होता, बालकल्याण समितीचा अध्यक्ष होता आणि एक सदस्यही होता. म्हणजे एखाद्या मुलीने किंवा शेजाऱ्याने नियमाप्रमाणे योग्य ठिकाणी तक्रार केली असती तर ती याच माणसांच्या टेबलावर गेली असती. म्हणून रानजाई, एकाच दारात अर्ज देऊन थांबू नका. ज्यांचे एकमेकांशी लागेबांधे नाहीत अशा दोन-तीन ठिकाणी एकाच दिवशी द्या.

धाकटा
१५ जून, रात्री ९.३०

पहिल्यांदाच लिहितोय. माझा मोठा भाऊ राज्यातल्या एका प्रादेशिक मनोरुग्णालयात आहे. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार आहेत, त्यातलं कोणतं ते सांगत नाही. मागे त्याच्या मनगटावर बांधल्याचे वळ दिसले. मी गप्प राहिलो नाही, पण लेखी द्यायला घरचे तयार होईनात. आई म्हणाली, त्यांनी डिस्चार्ज देऊन उद्या दारात आणून सोडला तर त्याला कोण बघणार? बाहेरचे लोक म्हणतात घरच्यांना पर्वा नाही. तसं नाही हो. आमच्याकडे दुसरी जागाच नाही, आणि हे तिथल्या प्रत्येक वॉर्डबॉयला माहीत आहे.

मानसिक रुग्णांसाठी कुठे जायचं असतं?

उलटतपासणी
१५ जून, रात्री १०.५०

धाकटा, तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ मध्ये साखळीने बांधण्याला सरसकट बंदी आहे. इतर प्रकारे हातपाय बांधून ठेवायचे तर फक्त तातडीचा धोका टाळण्यासाठी, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, गरजेपुरता वेळ, आणि प्रत्येक वेळची नोंद हवी. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. ती नोंद दाखवा, एवढंच लेखी मागा. तक्रार आधी रुग्णालयाच्या प्रमुखाकडे, आणि समाधान झालं नाही तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे. रुग्णाला मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात नुसतं जाऊन बसा, वकील मिळेल. अर्जावर आईची सही नको, तुमची एकट्याची चालेल. आणि तक्रार केली म्हणून डिस्चार्ज दिला तर तो कागद घेऊन त्याच दिवशी मंडळाकडे जायचं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

रानजाई
१६ जून, सकाळी ८.००

सगळ्यांचे मनापासून आभार. मी लेखी देणार आहे. मैत्रीण सही करायला तयार नाही, पण तिच्याशी भांडणार नाही.

उलटतपासणी, लिहायचं कसं? मी रात्री लिहायला बसले तर सगळा रागच उतरला कागदावर.

उलटतपासणी
१६ जून, सकाळी ११.२०

राग वेगळ्या कागदावर लिहून घरी ठेवा. अर्जात ‘काळजीवाहक मुलींना मारहाण करते’ हे वाक्य नको, कारण ते तुम्ही पाहिलेलं नाही आणि पहिल्याच प्रश्नात ते पडेल. असं लिहा:

“दिनांक अमुक रोजी दुपारी अडीचच्या सुमारास हस्तकला वर्गात मी स्वतः पाहिले की, या निवासी मुलीच्या उजव्या दंडाच्या आतील बाजूस, काखेपासून चार बोटे खाली, एका ओळीत चार गोलसर डाग होते. दोन निळसर, दोन पिवळसर. मी विचारले असता उपस्थित काळजीवाहक म्हणाल्या, ‘फिट येते ना, पडतात.’ सदर काळजीवाहक खोलीत येताच ही मुलगी दोन्ही हात डोक्यावर धरून खाली वाकते, हे मी अमुक व अमुक तारखेसही पाहिले आहे.”

पाहिलेलं वेगळं, ऐकलेलं वेगळं, ऐकलेलं असेल तर कोणाच्या तोंडून. डागांचे रंग लिहायला विसरू नका. वेगवेगळे रंग म्हणजे सगळे डाग एकाच दिवशीचे नसण्याची शक्यता, डॉक्टर त्यावरून पुढे जातील. दंडाचं साधं रेखाचित्र काढून जोडलंत तर उत्तम.

मग मागण्या. दोघींची आणि बाकीच्याही मुलींची तपासणी जिल्हा रुग्णालयात, महिला डॉक्टरकडून. सीसीटीव्ही असेल तर चित्रण ताबडतोब ताब्यात घ्यावं, कारण काही दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जातं. औषध, इजा, वजन, पाळी, रात्रपाळीची हजेरी या नोंदवह्या जप्त कराव्यात. चौकशी होईपर्यंत संबंधित कर्मचाऱ्याला त्या वॉर्डमधून हलवावं. मुलीला हलवायचं असेल तर दंडाधिकाऱ्याच्या आदेशानेच आणि कुठे नेलं याची लेखी नोंद ठेवून. हा मुद्दा गाळू नका. ‘सोयीसाठी’ दुसऱ्या जिल्ह्यात बदली केलेली मुलगी पुन्हा सापडत नाही, हे मी एकदा अनुभवलं आहे.

मूळ अर्ज तहसीलदारांना कलम ७ खाली. तोच पोलिस ठाण्याला, आणि तिथे घेत नसतील तर पोलिस अधीक्षकांना टपालाने. दुसऱ्या हद्दीतल्या ठाण्यालाही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. सतरा वर्षांच्या मुलीसाठी बालकल्याण समिती. प्रती जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आणि पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त यांना. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय उठायचं नाही. रात्री-अपरात्री काही कळलं तर अर्जाची वाट न बघता ११२.

तुमचं संरक्षण काय हेही सांगायला हवं. उघडकीला आणणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण तो अजून लागू केलेला नाही. त्यामुळे तुमचा खरा आधार म्हणजे जपून लिहिलेला अर्ज आणि त्या पोचपावत्या.

जुनं_कात्रण
१६ जून, दुपारी ४.१०

पत्राची ताकद कमी लेखू नका. १९८१ मध्ये आग्र्याच्या सरकारी महिला संरक्षणगृहाची अवस्था दोन प्राध्यापकांनी पत्रातून सर्वोच्च न्यायालयाला कळवली आणि त्या पत्रालाच याचिका मानण्यात आलं. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांनी तुरुंगातल्या बायकांशी बोलून, पोलिस कोठडीत त्यांना झालेल्या मारहाणीबद्दल न्यायालयाला असंच पत्र लिहिलं होतं. न्यायालयाने निर्मला निकेतनच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात जाऊन बघायला सांगितलं, आणि १९८३ मध्ये महिला कैद्यांसाठी आदेश दिले. जिल्ह्यात कोणीच दाद देत नसेल तर उच्च न्यायालय हा रस्ता आहे.

सह्याद्री_६८
१६ जून, सायं. ७.३०

वरचा अर्जाचा नमुना वाचला. असा अर्ज माझ्या टेबलावर आला असता तर मला तो बाजूला ठेवता आला नसता. एक भर घालतो. अल्पवयीन मुलांच्या संस्थेत सूचनापेटी असणं नियमाने बंधनकारक आहे, आणि तिची किल्ली व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांकडे असायला हवी, अधीक्षकांकडे नाही. दर आठवड्याला ती मुलांच्या समितीसमोर उघडायची असते. प्रत्यक्षात किल्ली अधीक्षकांच्या ड्रॉवरमध्ये असते. पाहणीला जो कोणी जाईल त्याने ‘किल्ली कोणाकडे आहे’ हा पहिला प्रश्न विचारावा. ज्या मुली लिहू शकत नाहीत त्यांना पेटीचा उपयोग नाही हे मान्य, पण संस्था कशी चालते ते त्यावरून कळतं.

रानजाई
२८ जून, रात्री १०.१५

उशिरा लिहितेय, क्षमस्व. मध्ये पोलिसांनी कुठे काही लिहू नका असं सांगितलं होतं, म्हणून आताही मोजकंच लिहिते.

तहसील कचेरीतल्या लिपिकाने अर्ज परत केला. हे आमच्याकडे येत नाही, महिला व बालकल्याणला जा. मी कलमाची छापील प्रत पुढे ठेवली आणि नायब तहसीलदारांना भेटायचं म्हणून बसून राहिले. त्यांनी उभ्या उभ्या वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं. त्याच दुपारी ते पोलिस निरीक्षक आणि एक महिला उपनिरीक्षक यांना घेऊन संस्थेत गेले, न कळवता. हजेरीपटावरचं प्रत्येक नाव बघा असं मी अर्जात लिहिलं होतं (सिस्टर, तुमच्यामुळे). एक मुलगी मागच्या कोठीच्या खोलीत सापडली. बाहेरून कडी होती.

जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. गुन्हा नोंदवला आहे. ती काळजीवाहक आता तिथे नाही. औषधांच्या नोंदवहीत काय निघालं ते मला सांगितलेलं नाही आणि मी विचारलंही नाही. माझा प्रवेश मात्र चौकशी संपेपर्यंत बंद आहे. मैत्रिणीला जाऊ देतात, ती आता दर शनिवारी एकटी जाते.

एक अडचण आहे, मदत हवी. चोवीस वर्षांच्या मुलीचा जबाब घ्यायचा आहे. ती बोलत नाही, पण खुणांनी पुष्कळ सांगते. तपास अधिकारी म्हणतात, तिची भाषा समजणारं माणूस नाही, संस्थेतल्याच शिक्षिकेला बसवू. मला ते बरोबर वाटत नाही. त्या शिक्षिका वाईट आहेत असं नाही, पण त्यांचा पगार तिथूनच होतो.

उलटतपासणी
२८ जून, रात्री ११.०५

अजिबात नाही. उद्या सकाळी तपास अधिकाऱ्यांना लेखी द्या की दुभाषी किंवा विशेष शिक्षक संस्थेबाहेरचा हवा. दिव्यांग व्यक्तीचा जबाब न्यायदंडाधिकाऱ्यासमोर अशा व्यक्तीच्या मदतीने घ्यायचा आणि त्याचं चित्रीकरण करायचं अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ मध्ये आहे. नीट घेतला तर हाच जबाब पुढे खटल्यात तिची सरतपासणी, म्हणजे मुख्य साक्ष, म्हणून धरता येतो. मग तिला सगळं पहिल्यापासून सांगायला लावावं लागत नाही, फक्त उलटतपासणी होते. खुणांनी दिलेली साक्ष ही कायद्याने तोंडी साक्षच असते.

माणूस मिळण्यासाठी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. पॉक्सोच्या नियमांनुसार दुभाषी आणि विशेष शिक्षकांची यादी त्यांना ठेवावी लागते. ती यादी मुलांच्या प्रकरणांसाठी असते, पण त्यातली माणसं मोठ्यांच्या प्रकरणातही येतात, पत्र विधी सेवा प्राधिकरणाकडून न्यावं. जबाबाआधी त्या शिक्षकाला मुलीबरोबर दोन-तीन वेळा नुसतं बसू द्या, प्रकरणाबद्दल एक शब्दही न काढता. तिच्या खुणा समजायला तेवढा वेळ लागतोच.

निवृत्त_सिस्टर
२९ जून, सकाळी ६.५०

तुमच्या बाजूच्या जिल्ह्यात माझ्या ओळखीच्या एक विशेष शिक्षिका आहेत, न बोलणाऱ्या मुलींबरोबरच आयुष्य गेलं त्यांचं. विचारून बघते आणि होकार मिळाला की नंबर व्यनिने पाठवते. त्या येतील तेव्हा तुमची ती रंगीत कागदांची पिशवी त्यांच्याकडे द्या. मुलीला ओळखीचं काहीतरी हातात लागेल.